दोन कलमांचा उद्योग: बांगलादेशातील तयार कपड्यांचे प्रकरण

१९८३-८४ या आर्थिक वर्षात बांगलादेशात निर्यातीसाठी कपडे शिवणारे १३४ कारखाने होते आणि त्या सगळ्यांची मिळून वर्षभराची निर्यात सव्वातीन कोटी डॉलरपर्यंतही पोहोचत नव्हती. देशाच्या एकूण निर्यातीत हा वाटा चार टक्क्यांच्या आत होता. बाकी निर्यात मुख्यतः ताग, तागाचा माल, चहा आणि कातडी यांची होती. सातच वर्षांनी, १९९०-९१ मध्ये, कारखान्यांची संख्या ८३४ झाली, निर्यात ८६ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि देशाच्या निर्यात उत्पन्नातला निम्मा वाटा शर्ट, पँट आणि जॅकेटांचा झाला. २०१२-१३ पर्यंत निर्यातीने २,१०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता, आणि कपडे निर्यात करणाऱ्या देशांत बांगलादेशाचे नाव चीनच्या खालोखाल घेतले जात होते.

याच देशाचे आणखी काही आकडे आहेत. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचारविषयक यादीत २००१ ते २००५ अशी सलग पाच वर्षे बांगलादेश तळाशी होता. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या २०२०च्या क्रमवारीत त्याचा क्रमांक १९० देशांत १६८वा लागला होता. साध्या व्यापारी कराराची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करून घ्यायला तिथे १,४४२ दिवस, म्हणजे जवळजवळ चार वर्षे लागतात, असा तिचा हिशेब होता. (ही क्रमवारी पुढे आकड्यांतील गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये बंदच करण्यात आली; त्यामुळे नेमक्या क्रमांकावर फार भार टाकू नये. परंतु ढाक्यात दिवाणी दावा लावणाऱ्याचा अनुभव फार वेगळा असेल असे नाही.) ज्या देशात करार पाळून घेता येत नाही, परवान्यासाठी हात ओले करावे लागतात आणि बंदरात माल अडकून पडतो, तिथे काही हजार नवउद्योजक कुठून आले, आणि तेही परदेशी ग्राहकाला ठरलेल्या तारखेला माल पोहोचवण्याच्या धंद्यात कसे टिकले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

स्वस्त मजुरी हे उत्तर सर्वात आधी दिले जाते आणि ते अपुरे आहे. मजुरी १९७५ मध्येही स्वस्तच होती आणि ती इतर पुष्कळ देशांतही स्वस्त होती. संस्था म्हणजे खेळाचे नियम, अशी अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ यांची मांडणी प्रसिद्ध आहे. परंतु क्रमवाऱ्या साऱ्या देशाच्या नियमांची सरासरी काढतात आणि उद्योजक सरासरीत राहत नाही. तो एका विशिष्ट मैदानावर खेळतो, आणि त्या मैदानापुरते नियम निराळे असू शकतात. बांगलादेशात झाले ते असे, असे माझे वाचन आहे. राज्यसंस्था सुधारली नाही. तिने एका उद्योगाला स्वतःच्याच नियमांतून बाहेर काढले. उद्योगाचे यश आणि २०१३ मध्ये त्याची एक इमारत कोसळणे, या दोन्ही गोष्टी त्या एका निर्णयाच्या पोटातून निघाल्या आहेत.

सुरुवातीची परिस्थिती

१९७१च्या मुक्तिसंग्रामानंतर नव्या राष्ट्रासमोर एक विचित्र वस्तुस्थिती होती. मोठ्या गिरण्या, बँका आणि विमा कंपन्या यांचे पुष्कळसे मालक पश्चिम पाकिस्तानी होते आणि ते निघून गेले होते. मार्च १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा आदेश निघाला. तागगिरण्या, कापडगिरण्या, साखर कारखाने आणि बँका सरकारकडे आल्या. बंगाली मालकांच्या गिरण्याही त्यातून सुटल्या नाहीत. खासगी गुंतवणुकीवर १९७३ मध्ये २५ लाख टाक्यांची (टाका हे बांगलादेशाचे चलन) कमाल मर्यादा घालण्यात आली. म्हणजे एखाद्याने मोठा कारखाना काढायचे मनात आणले, तरी कायद्यानेच तो काढता येत नव्हता. १९७४ मध्ये ही मर्यादा तीन कोटींवर नेण्यात आली, सत्तांतरानंतर १९७५च्या डिसेंबरात दहा कोटींवर, आणि १९७८ मध्ये ती रद्द झाली.

मर्यादा उठली म्हणून उद्योग उभा राहत नाही. बांगलादेशात त्या वेळी भांडवलदार वर्ग असा नव्हताच. व्यापारी होते, कंत्राटदार होते, निवृत्त अधिकारी होते. आयातीवर जबर शुल्क होते. अगदी १९९१ पर्यंत सरासरी आयातशुल्क ८० टक्क्यांच्या पुढे होते, त्यामुळे परदेशी कापड आणून, त्याचा शर्ट शिवून, पुन्हा परदेशी विकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. देशात निर्यातीच्या दर्जाचे कापड विणले जात नव्हते. परकीय चलन सरकारच्या मुठीत होते. १९७८ मध्ये ढाक्यातल्या रियाझ गार्मेंट्सने पॅरिसच्या एका ग्राहकाला दहा हजार शर्ट पाठवले आणि देशाच्या कपडे-निर्यातीची सुरुवात म्हणून त्या खेपेचा उल्लेख होतो. ती खेप जिद्दीची निशाणी होती. पण तशा एकेका खेपेतून उद्योग घडायला किती दशके लागली असती, कोण जाणे.

परदेशी नियमाने उघडलेले दार

दार उघडले ते ढाक्यात नव्हे, जिनिव्हात. १ जानेवारी १९७४ पासून कापड-कपड्यांच्या व्यापाराचा बहुतंतू करार (मल्टी-फायबर अरेंजमेंट) लागू झाला. अमेरिका आणि युरोपातील देश या कराराखाली कपडे निर्यात करणाऱ्या प्रमुख देशांना वस्तुवार कोटा, म्हणजे आयातीची कमाल मर्यादा, ठरवून देऊ लागले. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांना याचा मोठा जाच झाला. त्यांच्याकडे ग्राहक होते, तंत्र होते, यंत्रे होती. पुरत नव्हता तो कोटा. ज्या देशाकडून कोणीच कपडे घेत नव्हते, अशा देशाला कोटा लावण्याचे कारणही कोणाला नव्हते. श्रीमंत देशांनी स्वतःच्या गिरण्या वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने एका गरीब देशाची कोरी पाटी अचानक मोलाची ठरली. हा परिणाम कोणी योजलेला नव्हता. बाहेरच्या नियमांचा हा भाग लक्षात न घेता या उद्योगाचे सारे श्रेय ढाक्यातील धोरणकर्त्यांना देणे हा इतिहासावर अन्याय होईल.

कोरियातील देवू कंपनी आणि तिचे संस्थापक किम वू-चुंग कोटा नसलेल्या देशाच्या शोधात होते. त्यांना जोडीदार मिळाला तो नूरुल कादेर यांच्या रूपाने. कादेर सनदी अधिकारी होते. मुक्तिसंग्रामाच्या वेळी ते पाबना जिल्ह्याचे उपायुक्त होते आणि पुढे नव्या सरकारात सचिव झाले. शिलाईच्या धंद्याची त्यांना काही माहिती नव्हती. सरकार कसे चालते, कोणती फाइल कोणाच्या टेबलावर थांबते, हे मात्र त्यांना आतून माहीत होते, आणि पुढे जे घडले त्यात हे ज्ञान भांडवलाहून अधिक उपयोगी पडले असे मला वाटते.

जुलै १९७८ मध्ये त्यांच्या देश गार्मेंट्सचा देवूशी पाच वर्षांचा करार झाला. देवूने प्रशिक्षण, यंत्रांची खरेदी, कारखान्याची उभारणी आणि परदेशातील विक्री सांभाळायची आणि मोबदला म्हणून विक्रीच्या आठ टक्के स्वामित्वशुल्क व दलाली घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. १९७९ मध्ये कंपनीने आपले १३० कर्मचारी बुसानमधील देवूच्या कारखान्यात सुमारे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवले. १९८०च्या एप्रिलमध्ये चितगावच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. पहिल्या वर्षी ४३,००० शर्ट निघाले, त्यांची किंमत ५५ हजार डॉलरच्या आसपास होती. १९८७ मध्ये २३ लाख शर्ट निघाले आणि त्यांची किंमत ५३ लाख डॉलर होती.

दोन कलमे

एवढ्यावर ही गोष्ट एका कंपनीची राहिली असती. ती उद्योगाची झाली ती दोन तरतुदींमुळे. त्या ऐकायला अत्यंत रुक्ष आहेत, आणि म्हणूनच धोरणांच्या चर्चेत त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. कोरियाच्या निर्यात-व्यवस्थेत अशा सोयी आधीपासून होत्या. देवूच्या लोकांना त्यांचा सराव होता, आणि त्या बांगलादेशात नाहीत म्हटल्यावर कादेर यांनी सरकारकडे आणि मध्यवर्ती बँकेकडे पाठपुरावा करून त्या मिळवल्या.

पहिली तरतूद बॉण्डेड गोदामाची. निर्यातीसाठीच माल शिवणाऱ्या कारखान्याला कापड, बटणे, अस्तर, झिप हे सारे शुल्क न भरता आयात करता येई, मात्र ते सीमाशुल्क खात्याच्या नोंदीखालील गोदामात ठेवावे लागे. किती कापड आले आणि त्यातून किती शर्ट बाहेर गेले याचा मेळ पासबुकात घातला जाई. मेळ बसला नाही तर शुल्क आणि दंड. शुल्क आधी भरून निर्यातीनंतर परतावा मागण्याची पद्धत कागदावर तितकीच न्याय्य वाटते, पण परताव्याची फाइल वर्षभर फिरत राहिली की लहान कारखानदाराचे खेळते भांडवल तिथेच आटते. बॉण्डेड गोदामात पैसा सरकारकडे जातच नाही, त्यामुळे तो सरकारकडून सोडवून आणण्याचा प्रश्नही उरत नाही. दुबळ्या प्रशासनाशी व्यवहार करण्याची ही नामी युक्ती होती: प्रशासन सुधारा असे न म्हणता, त्याच्या हातात पैसा जाण्याचा प्रसंगच टाळायचा.

दुसरी तरतूद बॅक-टू-बॅक एलसीची (एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, पतपत्र), आणि माझ्या मते ती पहिलीहून महत्त्वाची आहे. परदेशी ग्राहकाने शर्टांची मागणी नोंदवताना कारखानदाराच्या नावे आपल्या बँकेतून पतपत्र उघडायचे. याला मुख्य एलसी म्हणतात. ठरल्या तारखेपर्यंत ठरला माल जहाजात चढला, तर पैसे मिळतील, अशी ही बँकेची हमी असते. ढाक्यातील बँकेने हेच पतपत्र तारण समजून त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरे पतपत्र उघडायचे, ते कापड विकणाऱ्या हाँगकाँगच्या किंवा कोरियाच्या व्यापाऱ्याच्या नावे. कापडाचे पैसे लगेच द्यायचे नसतात. त्याला काही महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत कापड येते, शिवले जाते, शर्ट जहाजावर चढतात, ग्राहकाच्या बँकेतून डॉलर येतात, त्यातून कापडाचे बिल आपोआप भागते आणि उरलेली रक्कम कारखानदाराच्या खात्यात जमा होते. शर्टाच्या किमतीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंतचा कच्चा माल अशा रीतीने उधारीवर मिळू शके.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्याच्याकडे जमीन नाही, गहाण ठेवायला घर नाही, परकीय चलनाचा परवाना नाही, अशा माणसालाही केवळ ग्राहकाच्या मागणीपत्रावर लाखो डॉलरचे कापड आणता येऊ लागले. भाड्याची एखाद-दोन मजल्यांची जागा, हप्त्यावरच्या काही डझन शिलाई यंत्रांच्या रांगा आणि पहिल्या महिन्यांची मजुरी, एवढ्या तयारीवर कारखाना सुरू करणे शक्य झाले. ही तरतूद सबसिडी नव्हती. सरकारच्या तिजोरीतून तिच्यासाठी टाकाही जात नव्हता आणि मध्यवर्ती बँकेच्या तोकड्या डॉलरसाठ्यालाही धक्का लागत नव्हता. गरीब देशात उद्योजक का तयार होत नाहीत यावर वृत्तीच्या, संस्कृतीच्या, शिक्षणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे वृत्ती तीच होती आणि शिक्षणही तेच. बदलले ते तारणाची व्याख्या करणारे एक परिपत्रक.

त्यात कराराच्या अंमलबजावणीचाही प्रश्न सुटला. ढाक्यातील न्यायालय चार वर्षे घेत असेल, तर घेवो. एलसीवरचा वाद त्या न्यायालयात जातच नाही. कागदपत्रे बरोबर असली की न्यूयॉर्कची किंवा लंडनची बँक पैसे देते. म्हणजे करार पाळून घेणारी संस्था चक्क बाहेरून भाड्याने घेतली गेली होती.

त्याच देशातले दुसरे कर्ज

या तरतुदीचे मोल कळण्यासाठी त्याच काळात त्याच देशात चाललेल्या दुसऱ्या प्रयोगाकडे पाहणे भाग आहे. उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी बांगलादेश शिल्प बँक आणि बांगलादेश शिल्प ऋण संस्था या सरकारी वित्तसंस्था होत्या. परदेशी मदतीचा पैसा त्यांच्यामार्फत नव्या उद्योजकांपर्यंत पोहोचावा, असा हेतू होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांची वसुली पार कोसळली. कर्ज मंजूर होण्यातच कमाई होती: यंत्रांची किंमत फुगवून दाखवायची, फरक बाहेरच्या बाहेर खिशात घालायचा, आणि कारखाना आजारी म्हणून जाहीर करून हप्ते थकवायचे. कर्ज बुडवल्याबद्दल कोणाला फारसे काही भोगावे लागत नव्हते, कारण वसुली पुन्हा त्याच न्यायालयाच्या आणि त्याच राजकारणाच्या हाती होती.

दोन्ही ठिकाणचे लोक वेगळे नव्हते. व्यापारी, कंत्राटदार, माजी अधिकारी, सत्तेच्या जवळचे, असाच दोन्हींकडचा वर्ग होता. काही तर दोन्हींकडे होते. एकीकडे शर्ट जहाजावर चढल्याशिवाय नफा हाती लागत नव्हता आणि दुसरीकडे काहीही न बनवता नफा मिळत होता, एवढाच फरक. उद्योजकतेला उत्तेजन या एकाच शीर्षकाखाली सरकारे या दोन्ही गोष्टी करतात आणि अंदाजपत्रकाच्या भाषणात दुसरी गोष्ट नेहमीच अधिक भव्य दिसते, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

ज्ञान कसे पसरले

देवूशी झालेला करार पाच वर्षांचा होता. कादेर यांनी तो ३० जून १९८१ रोजीच संपवला. कापड स्वतः स्वस्तात मिळवता येते आणि ग्राहक स्वतः गाठता येतात, हे कळल्यावर आठ टक्के द्यायचे कशासाठी, असा तो हिशेब होता. नेमका हाच हिशेब पुढे त्यांच्या माणसांनी त्यांच्या बाबतीत केला. बुसानला जाऊन आलेल्या १३० जणांपैकी ११५ जण १९८०च्या दशकात देश सोडून गेले (कंपनी, राष्ट्र नव्हे), आणि त्यांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा इतरांच्या कारखान्यांत मोठ्या जागा धरल्या.

एका कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान होते. तिने खर्च करून शिकवलेली माणसे शेजाऱ्यांनी नेली. उद्योगाच्या दृष्टीने याहून चांगले काही घडू शकले नसते. इथे एक तिरकस विचार मनात येतो. कराराची कडक अंमलबजावणी होणाऱ्या देशात देवूने कादेर यांना आणि कादेर यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना न्यायालयात खेचले असते, आणि ११५ जणांची ही पांगापांग निदान पाचेक वर्षे लांबली असती. संस्थांची दुर्बलता नेहमी अडसरच ठरते असे नाही. अर्थात, ही पांगापांग फलद्रूप झाली कारण बाहेर पडलेल्या माणसाला कापड उधार मिळण्याची सोय तयार होती. नुसत्या कौशल्यावर त्याला दुसऱ्याकडे नोकरीच करावी लागली असती.

१९८५ मध्ये बांगलादेशालाही अमेरिकेने कोटा लावला. एवढ्याशा निर्यातीची इतकी लवकर दखल घेतली गेली, याचा तेव्हा संताप झाला. पण कोटा ही मर्यादा असते तशी ती हमीही असते, आणि पुढील वीस वर्षे, १ जानेवारी २००५ रोजी ही व्यवस्था संपेपर्यंत, बांगलादेशाला त्या हमीचा लाभ झाला. चीनच्या वाट्याला जाऊ शकणारी मागणी ढाक्याकडे वळत राहिली. कोट्याचे देशांतर्गत वाटप मागील कामगिरीवर होई, त्यामुळे ज्यांच्याकडे तो होता त्यांच्या हाती आयती मत्ता आली आणि नव्याने येणाऱ्याला त्यांच्या दारी जावे लागले. व्यवस्थेतून बाहेर काढलेल्या उद्योगात आता आतले आणि बाहेरचे असा भेद पडू लागला होता.

कुंपणाच्या आतली सत्ता

कारखानदारांची संघटना बीजीएमईए ही या भेदाची सर्वात ठळक खूण आहे. बॉण्डमधून कापड सोडवण्यासाठी लागणारे वापराचे घोषणापत्र देण्याचे काम सरकारने पुढे याच संघटनेकडे सोपवले. विचार व्यवहार्य होता, कारण एका शर्टाला किती कापड लागते हे सीमाशुल्क कारकुनापेक्षा कारखानदारांना अधिक कळते, आणि कामही भराभर होऊ लागले. परंतु ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्याच हाती शिक्का देण्याचा हा प्रकार होता. बॉण्डचे बिनशुल्क कापड जुन्या ढाक्यातील इस्लामपूरच्या घाऊक बाजारात विकले जाते, ही तक्रार तिथल्या विणकरांची आणि कापड गिरण्यांची जुनी आहे.

संघटनेचे बळ वाढत गेले. तिचे सदस्य संसदेत निवडून गेले, सत्तेवर कोणताही पक्ष असला तरी. ढाक्यातील हातिरझील या जलाशयात तिने आपले बहुमजली मुख्यालय उभारले. त्याची कोनशिला एका पंतप्रधानांनी बसवली आणि उद्घाटन दुसऱ्या, विरोधी पक्षाच्या पंतप्रधानांनी केले. ही इमारत बेकायदेशीर असल्याचे सांगून ती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केल्यानंतरही ती रिकामी व्हायला २०१९ साल उजाडले.

कामगारांच्या बाजूने पाहिले तर हेच चित्र उलटे दिसते. खेड्यांतून आलेल्या लाखो तरुण स्त्रियांना या उद्योगाने पहिल्यांदा महिन्याचा पगार दिला, ही गोष्ट लहान नाही. पण त्या पगाराचा किमान दर १९९४ मध्ये ९३० टाके ठरला आणि तो थेट २००६ पर्यंत, बारा वर्षे, बदलला नाही. निर्यात-प्रक्रिया क्षेत्रांत कामगार संघटनांना बराच काळ बंदीच होती आणि बाहेरही त्या नोंदवणे दुरापास्त होते. उद्योगाला सीमाशुल्काच्या, परकीय चलनाच्या आणि न्यायालयाच्या नियमांतून बाहेर काढताना सरकारने जी सवय लावून घेतली, तीच कारखाना निरीक्षणाला आणि बांधकाम नियमांनाही लागू होत गेली. ती कोणी आदेश काढून लागू केली नाही. निर्यात थांबता कामा नये, एवढे सगळ्यांना कळत होते.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमधील राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११००हून अधिक माणसे मेली. तिचे वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. इमारतीतील बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले आणि वरच्या पाच कपडे कारखान्यांच्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. बॅक-टू-बॅक एलसीची तारीख पाळणे किंवा दिवाळे काढणे, एवढेच पर्याय ज्या कारखानदारापुढे असतात, तो तड्यांकडे कसा पाहील हे समजू शकते. ती सबब ठरत नाही, पण ज्या यंत्रणेने त्याला उद्योजक बनवले तिच्यातच ही घाई विणलेली होती, एवढे मात्र म्हणता येते.

दुर्घटनेनंतरचा उपायही त्याच साच्यातला निघाला. दोनशेहून अधिक परदेशी ब्रँड आणि जागतिक कामगार महासंघ यांनी अग्नी व इमारत सुरक्षेचा एक बंधनकारक करार केला. या कराराच्या अभियंत्यांनी सुमारे १,६०० कारखाने तपासले, दुरुस्त्या करवून घेतल्या, आणि न ऐकणाऱ्यांची परदेशी मागणी बंद केली. ब्रँड कराराला जागले नाहीत तर वाद हेगच्या लवादाकडे नेता येत होता आणि दोन प्रकरणे तिथे गेलीही. काम चोख झाले, यात शंका नाही. पण सुरक्षाही अशा रीतीने बाहेरून भाड्याने आली, आणि ती कराराच्या यादीतील निर्यातदार कारखान्यांपुरतीच आली. स्थानिक बाजारासाठी काम करणाऱ्या शेजारच्या कारखान्याला, मग तो प्लास्टिकचा असो, फटाक्यांचा की खाद्यपदार्थांचा, पूर्वीचाच निरीक्षक उरला.

इतर उद्योगांना काय मिळाले

हा प्रश्न विचारला नाही तर प्रकरण अर्धे राहते. बॉण्डेड गोदाम कायद्याने केवळ कपड्यांसाठी राखून ठेवलेले नाही. चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्यालाही ते मिळू शकते. मात्र त्याची रचना पूर्णपणे निर्यातीवर जगणाऱ्या कारखान्यासाठी आहे. बूट किंवा सायकली बनवणारा लहान उद्योजक आधी देशातल्या बाजारात विकतो, तिथे हात बसतो, आणि मग थोडा माल बाहेर पाठवून पाहतो. त्याला बॉण्ड मिळणे कठीण, परताव्याची पद्धत किचकट, आणि देशी बाजारात उंच शुल्काच्या भिंतीआड मिळणारा नफा निर्यातीपेक्षा सोपा. त्यामुळे तो निर्यातीकडे वळतच नाही. ढाक्यातील हजारीबागच्या चर्मोद्योगाला २०१७ मध्ये सावरला हलवले गेले, पण तिथली सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा धड चालेना. परदेशी ग्राहकाला हवे असलेले पर्यावरणाचे प्रमाणपत्र एकट्या कारखानदाराने कितीही धडपड केली तरी मिळत नाही, कारण सामाईक यंत्रणा चालवणे हे राज्याचे काम आहे. तागाची गोष्ट याहून उदास आहे. राष्ट्रीयीकृत गिरण्या दशकानुदशके तोट्यात चालल्या, नारायणगंजची प्रचंड आदमजी गिरणी २००२ मध्ये बंद झाली आणि २०२० मध्ये उरलेल्या सरकारी तागगिरण्यांनाही टाळे लागले.

म्हणून निर्यातीतला कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास जाऊन बसला. याला कोणी तुलनात्मक लाभ (देशाला इतरांच्या तुलनेत जे स्वस्तात जमते ते) म्हणतात. मला त्यात तुलनात्मक सवलत अधिक दिसते.

बाहेरच्या सवलतीची मुदत

संयुक्त राष्ट्रांच्या २०२१च्या ठरावानुसार बांगलादेशाने नोव्हेंबर २०२६ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचे ठरले. युरोपीय संघ २००१ पासून अशा देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश देत आला आहे, आणि २०११ मध्ये त्याने नियम सैल करून परदेशी कापडापासून शिवलेला शर्टही बांगलादेशी मानायला सुरुवात केली. यादीतून बाहेर पडल्यावर संक्रमणाची तीन वर्षे सरली, की पुन्हा कडक नियम लागू होण्याची शक्यता आहे: कापड विणणे आणि शिवणे, दोन्ही देशातच व्हायला हवे. जर्सी आणि टी-शर्टच्या बाबतीत हे अवघड नाही. सूतगिरण्यांना १९९०च्या दशकात मिळालेल्या रोख उत्तेजनामुळे ती साखळी देशात उभी आहे. पँट आणि शर्टांचे कापड मात्र अजून बव्हंशी बाहेरून येते, त्यातही चीनमधून.

ते कापड देशात विणायचे, तर माग हवेत, रंगाईची यंत्रणा हवी, अखंड वायूपुरवठा आणि पाणी हवे, आणि या सगळ्यासाठी दहा-बारा वर्षांच्या मुदतीचे कर्ज हवे. चार महिन्यांच्या मुदतीच्या बॅक-टू-बॅक एलसीवर कापडगिरणी उभी राहत नाही. तिच्यासाठी कारखानदाराला थकीत कर्जांनी पोखरलेल्या देशी बँकांच्याच दारात जावे लागेल, आणि ज्या न्यायालयाला वळसा घालून हा उद्योग वाढला, त्या न्यायालयावर त्या बँकांना भरवसा ठेवावा लागेल.